डुक्कर फियाटचा परतीचा प्रवास

गेल्या डिसेंबरात मी कोल्हापूरहून नव्या मुंबईला मोटारीने आले. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगण्यासारखं एवढंच की मला शहात्तरावं वर्ष चालू होतं आणि मोटारीचं वय होतं सत्तर. दोघींचेही सांधे कुरकुरत होते. पण दोघी धडपणे पोचलो. एरवी सात तासांत होणाऱ्या प्रवासाला आम्हाला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत माझ्या मनावरचं एक चाळीस वर्षांचं ओझं थोडं हलकं झालं. म्हणून हे लिहायला बसले.

गाडी माझी नाही. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईकडे असली गाडी कुठून येणार! गाडी घेतली माझ्या एका विद्यार्थ्याने. तो करावे गावचा, आगरी समाजातला. आता पन्नाशी ओलांडली आहे, बांधकामाचं सामान पुरवायचा त्याचा व्यवसाय आहे. दर गुरुपौर्णिमेला नेरूळला घरी येतो, पाया पडतो, आणि नको नको म्हणताना बोंबलाची पिशवी ठेवून जातो. अशाच एका भेटीत बोलता बोलता मी म्हणाले, "आमच्या कोल्हापूरच्या शेजारच्या डॉक्टरकाकांची डुक्कर फियाट आता विकायला काढली आहे म्हणे." तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "बाई, नंबर द्या त्यांचा."

आजच्या मुलांसाठी सांगते, डुक्कर फियाट हे काही कंपनीने दिलेलं नाव नाही. १९५४ च्या सुमारास आपल्याकडे जी पहिली फियाट ११०० आली, तिचं नाक पुढे आलेलं आणि पाठ गोल. लोकांनी पाहिलं आणि बारसं करून टाकलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. गिअर पायाशी नसून स्टिअरिंगच्या दांडीवर, ज्याला आपण हँड गिअर म्हणायचो. इंजीन १०८९ सीसीचं. आजच्या हिशेबाने अगदीच बेताचं, पण त्या काळी सहा माणसं, दोन ट्रंका आणि टपावर वळकटी घेऊन ती कुठेही जात असे.

डॉक्टरकाकांची गाडी आमच्या गल्लीत आली ते साल १९५५. मी पाच वर्षांची होते. इतक्या लहानपणीचं कसं आठवतं, असं कोणी विचारेल. काही मला आठवतं, आणि काही इतक्या वेळा ऐकलं आहे की तेही आठवतंच असं वाटतं. संध्याकाळची वेळ होती. गल्लीतली सगळी पोरं कोपऱ्यावर जाऊन उभी. गाडी आली ती धुळीने इतकी माखलेली की तिचा खरा रंग कुणाला कळेना. काकूंनी आरतीचं तबक आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि डॉक्टरकाका खाली उतरले ते कंबर धरूनच. मग सगळ्या पोरांना एकेक पेढा मिळाला आणि बॉनेटला एकदा हात लावायची परवानगी. बॉनेट गरम होतं, हे मात्र माझ्या हाताला आजही आठवतं.

काकांनी ती मुंबईला जाऊन ताब्यात घेतली होती आणि स्वतः चालवत आणली होती. त्या प्रवासाची गोष्ट ते दर दिवाळीला सांगत. नवी गाडी हळू चालवायची असते, पहिल्या काही शे मैलांत इंजीन ताणायचं नसतं, म्हणून ते जवळजवळ बैलगाडीच्या चालीनेच आले. तेव्हा वाशीचा पूल नव्हता. मुंबईहून पुण्याकडे यायचं तर आधी ठाणं गाठायचं, मग कळवा, मुंब्रा, शीळ करत पनवेल, आणि तिथून खोपोली. खंडाळ्याच्या घाटात गाडीचं पाणी उकळलं, तीनदा थांबून त्यांनी ते भरलं. रात्री पुण्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कात्रज, खंबाटकी, सातारा, कऱ्हाड, आणि दिवेलागणीला कोल्हापूर. काका म्हणायचे, "पोरांनो, विकत घेतली तेव्हा ती दुकानदाराची होती. घाट चढल्यावर ती माझी झाली."

या गाडीचा जन्म कुर्ल्याचा. तो इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण तो पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. हिंदुस्थानात मोटारी बनवाव्यात हा ध्यास प्रथम घेतला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबई प्रांतात मोटार कारखाना काढण्याची योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेत जाऊन तिथले कारखाने पाहिले. ती योजना मनावर घेणारे उद्योगपती म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांच्या बांधकामात हात असलेला, जहाजं आणि विमानं या देशात बनली पाहिजेत म्हणून इंग्रज सरकारशी झगडलेला हा माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली. पण ती अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी होती. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथे जोडायचे.

तेव्हा बहुतेक सगळ्यांचं तेच चाललं होतं. मुंबईतच शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनचा अहवाल मान्य केला. ज्यांना सुटे भाग इथे बनवायचे नाहीत, त्यांना इथे जागा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केलेला होता, ती राहिली. वालचंद मात्र त्याच वर्षी, १९५३ मध्ये गेले. आपल्या कारखान्यातली फियाट ११०० गल्लीबोळांतून फिरताना त्यांना पाहायला मिळाली नाही.

पुढची वंशावळ तुम्हाला ठाऊकच आहे. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच प्रीमियर पद्मिनी झाली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचे ते दिवस. किमतींवर सरकारचं नियंत्रण होतं आणि तो वाद १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. शेवटी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी उरली होती, तिचीही मुदत ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत संपली. त्या दिवशी टीव्हीवर बातमी पाहताना मला कोल्हापूरच्या गाडीची आठवण झाली होती. आजीच्या अंगणात नात वारल्याची बातमी यावी, तसं वाटलं.

असो. तर डॉक्टरकाका कधीच गेले, त्यांचे चिरंजीवही गेले. नातवाने गाडी जपली होती, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ते गाडीच्या सीटपर्यंत आलं. नंतर तिची दुरुस्ती केली, पण दर पावसाळ्यात त्याच्या जिवाला घोर. शेवटी त्याने ठरवलं की जो चालवेल त्यालाच द्यायची, हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणाऱ्याला द्यायची नाही. माझ्या विद्यार्थ्याची ही पहिली परीक्षा होती. तो म्हणाला, "ट्रकवर घालून नेणार नाही. चालवतच नेईन." तिथे सौदा झाला. किंमत मी विचारली नाही आणि त्याने सांगितली नाही.

कागदपत्रांना दोन महिने गेले. २०२१ पासून केंद्र सरकारचा नवा नियम आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपात असलेलं खाजगी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. जाणकार मंडळी १९४० च्या आधीच्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात आणि आमच्या फियाटसारखीला क्लासिक. सरकारदरबारी मात्र पन्नाशी पुरते. विद्यार्थी म्हणाला, "ती नोंदणी नंतर बघू, बाई. आधी जुन्या कागदांवर तिला घरी आणू. एकदा तरी ती रस्त्याने आली पाहिजे." मी सोबत यावं हा हट्ट त्याचाच. "तुम्ही तिला येताना पाहिलंय. आता जातानाही तुम्हीच बसा."

आमच्याबरोबर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक मिस्त्री होते. त्यांच्या वडिलांनीही हीच गाडी सांभाळलेली. उद्यमनगर म्हणजे कुठलाही सुटा भाग दाखवा, दोन दिवसांत लेथवर तसाच करून देणारी वस्ती. या गाडीचे कितीतरी भाग असेच कोल्हापुरी आहेत. निघण्याआधी मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं म्हणे. "बाई, काय काळजी करू नगा," ते म्हणाले, "गाडी लई भली हाय. फकस्त तिला घाई केलेली खपत न्हाई." मी म्हटलं, "मलाही नाही खपत."

पहाटे साडेपाचला निघालो. गल्लीत आता चार-पाचच ओळखीची घरं उरली आहेत, तरी त्या घरांतले सगळे बाहेर आले होते. काकूंच्या सुनेने, म्हणजे तीही आता सत्तरीची, गाडीला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. गाडीची ओटी मी पहिल्यांदाच पाहिली. माहेरची पोर सासरी निघावी तसंच ते सगळं होतं. नातू शेवटपर्यंत हसत उभा होता, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं तर तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता.

शिरोलीच्या पुलावरून पंचगंगा ओलांडली तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. पुढे किणीचा टोलनाका आला. काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगची नोंद यंत्राने मुकाट्याने घेतली, पण नाक्यावरची पोरं मुकाट्याने बसेनात. एकाने फोटो काढला, दुसऱ्याने विचारलं, "आज्जी, कितीला घेतली?" मी म्हटलं, "घेतली नाही, दत्तक आली."

कऱ्हाडला चहाला थांबलो. कोयनेकडे जाणारा पाटणचा रस्ता इथूनच फुटतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला लख्ख आठवते. कोल्हापुरात भांडी फडताळातून खाली आली होती, आम्ही सगळे गल्लीत उभे होतो. कोयनानगर जमीनदोस्त झाल्याची बातमी उजाडल्यावर आली. डॉक्टरकाकांनी याच गाडीत औषधांची खोकी, बँडेजं आणि दोन कंपाउंडर घातले आणि याच वळणावरून ते आत गेले. पाच दिवसांनी परतले. त्या प्रवासाची गोष्ट त्यांनी दिवाळीत कधी सांगितली नाही. मी हे विद्यार्थ्याला सांगितलं. तो उठला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला. बोलला काहीच नाही.

साताऱ्यानंतर खंबाटकीचा बोगदा. काका आले तेव्हा बोगदा कुठला, त्यांनी नव्या गाडीला सगळा घाट चढवला होता. आम्ही दोन मिनिटांत पलीकडे. पण पुढे, पुणं जवळ आल्यावर, वाहनांची रांग लागली. दुपारचं ऊन, गाडी उभी, आणि अचानक ती आचके देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा गजर. मिस्त्री शांतपणे उतरले. बॉनेट उघडलं, माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "बाई, पाण्याची बाटली आणि एखादा रुमाल." या गाडीला पेट्रोल ओढणारा एसी पंप इंजिनालाच जोडलेला असतो. इंजीन फार तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल वर चढत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओला फडका. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. माझा रुमाल गेला, पण दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. तेवढ्यात मागच्या आलिशान गाडीतले एक गृहस्थ उतरून आले. मला वाटलं भांडायला. ते म्हणाले, "माझ्या वडिलांची होती. हात लावू का?" आणि त्यांनी बॉनेटला हात लावला. तेही गरमच होतं.

रात्री पुण्याला बहिणीकडे मुक्काम केला. काकांचाही मुक्काम पुण्यालाच होता ना!

दुसऱ्या दिवशी द्रुतगती मार्ग टाळून आम्ही जुन्या रस्त्याने निघालो. देहूरोड, वडगाव, लोणावळा. खंडाळ्याला मिस्त्रींनी ब्रेक पुन्हा तपासले. गाडीला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, उतारावर सतत दाबले तर तापून निकामी होतात. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरायचं. हा घाटरस्ता १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याआधी इथून बैल आणि हमाल चालत. १८६३ ला याच डोंगरातून आगगाडी चढली. इथपर्यंतचं मी वर्गात नेहमी शिकवत असे. परीक्षेत प्रश्नही यायचा.

पण उतारावर, जुन्या रस्त्याच्या कडेला शिंगरोबाचं देऊळ आहे. विद्यार्थ्याने गाडी बाजूला घेतली. येणारे-जाणारे ड्रायव्हर इथे नाणं टाकतात, नारळ फोडतात. आख्यायिका अशी की इंग्रजांना घाटाची वाट सापडत नव्हती, ती शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली. ही वाट गाडीरस्त्यासाठी की रेल्वेसाठी, ते सांगणारा बदलेल तसं बदलतं. बक्षीस माग म्हटल्यावर त्याने मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कागदोपत्री पुरावा नाही म्हणून मी हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं. माल्कमचं नाव पाटीवर लिहायचे, शिंगरोबाचं नाही.

विद्यार्थी नारळ फोडून आला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "वाट दाखवणाऱ्याचं असंच होतं, बाई."

मला तो तुकडा गिळवेना. कारण मला ठाऊक होतं तो काय म्हणतोय.

आता ते चाळीस वर्षांचं ओझं सांगते. १९८३ साल असेल. हा मुलगा सातवीत होता. मी वर्गात आपल्या शहराची माहिती देत होते. नवी मुंबईची कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात मांडली. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. १९७३ ला वाशीचा खाडीपूल. हे सगळं सांगून मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "मुलांनो, इथे आधी काहीसुद्धा नव्हतं. नुसतं खाजण आणि चिखल होता. त्यातून हे शहर उभं राहिलं." मागच्या बाकावरून हा उभा राहिला. म्हणाला, "बाई, इथे आमचं शेत होतं." वर्ग हसला. मी म्हणाले, "मध्ये बोलायचं नाही. बस खाली." तो बसला.

त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला उरणजवळ जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या होत्या, त्यांचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले होते. पाच जण हुतात्मे झाले. माझ्या वर्गात त्या आठवड्यात कितीतरी बाकं रिकामी होती. हाही आला नव्हता. आल्यावर मी त्याला गैरहजेरीची चिठ्ठी मागितली. त्याने आणली. वडिलांचा अंगठा होता तिच्यावर. त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या योजनेचं नाव मी नंतर अनेकदा ऐकलं, पण त्या मुलाने वर्गात सांगितलेलं वाक्य आणि ती योजना यांची सांगड मी बरीच वर्षं घातली नाही. इतिहासाची शिक्षिका मी!

शिंगरोबाच्या देवळापाशी उभी राहून मी विचारलं, "तुला आठवतं का रे, एकदा वर्गात तू उभा राहिला होतास?"

तो हसला. "आमचं शेत होतं, ते? आठवतं की. घरी जाऊन आईला सांगितलं होतं."

"मी चुकले होते," मी म्हणाले. हे तीन शब्द उच्चारायला मला चार दशकं लागली.

तो थोडा गडबडला. गुरूने असं बोलावं याची आपल्याकडे सवय नाही. मग म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा पुस्तकात होतं तेच सांगत होता. पण खरं सांगू? ही गाडी मी का घेतली, ते लोक विचारतात. आमच्या घरात एकही वस्तू सत्तर सालच्या आधीची नाही. जुनं घर पाडलं, बांध गेले, मिठागर गेलं, आजोबांची होडी कुठे गेली कुणाला माहीत नाही. मुलं म्हणतात, पप्पा, आपलं गाव म्हणजे सीवूड्सच्या मागे ना? मला या शहरापेक्षा जुनं असं काहीतरी दारात हवं होतं. तुम्ही म्हणालात पंचावन्न सालची गाडी आहे, तेव्हाच ठरवलं."

मिस्त्री मध्येच म्हणाले, "पंचावन्न म्हंजे महाराष्ट्राच्या बी आधीची." खरंच की! महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. या गाडीच्या जन्माच्या वेळी कोल्हापूर आणि करावे ही दोन्ही मुंबई राज्यात होती.

खोपोली, चौक, पनवेल. इथून काकांची वाट आणि आमची वाट वेगळी झाली. त्यांच्या वेळी ही गाडी पनवेलला आली ती शीळच्या बाजूने. खाडीकाठच्या गावांकडे ती वळलीच नव्हती. तिकडे भातशेतं होती, मिठागरं होती आणि माणसं होती. आम्ही कळंबोलीवरून, खारघर-बेलापूर करत नेरूळकडे निघालो. जिथून ती जात होती तिथली एकूण एक इमारत तिच्यापेक्षा वयाने लहान. सिग्नलला बाजूच्या रिक्षातली मुलं हात हलवत होती. माझं कधी नव्हे ते या शहराकडे वेगळ्या नजरेने लक्ष गेलं. उड्डाणपुलाखाली एक जुनं वडाचं झाड दिसलं, एका सोसायटीच्या कुंपणाला टेकलेलं ग्रामदेवतेचं देऊळ दिसलं. चाळीस वर्षं रोज दिसत असतील.

करावे गावात संध्याकाळी सहाला पोचलो. गल्लीत पोरं जमली होती, ती कुणी कोपऱ्यावर उभी केली नव्हती, आपली आपण आली होती. सुनेने तबक आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग विद्यार्थ्याच्या आईला दोघांनी धरून बाहेर आणलं. वय पंच्याऐंशीच्या घरात, डोळ्यांना कमी दिसतं. तिने बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "कवाची रं ही गारी?"

"पंचावन्न सालची, आई."

तिने जरा हिशेब केला. "माज्या लग्नाचे आधीची," ती म्हणाली, आणि तिथेच खुर्ची मागून बसली. आणि मग ती बोलू लागली. लग्न होऊन या गावात आली तेव्हा वरात होडीतून कशी आली, भरती नसल्याने किती वेळ खाडीत थांबावं लागलं, समोरच्या त्या उंच इमारतीच्या जागी कुणाचं शेत होतं, त्याचं नाव काय होतं, कुठल्या बांधावर भात चांगला यायचा, मिठाच्या राशी कुठपर्यंत दिसायच्या. हात करून दाखवत होती. तिला इमारती नीट दिसत नसतील, म्हणून की काय, शेतं अगदी नेमकी दिसत होती. विद्यार्थी माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, यातलं अर्धं तिने आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं." त्याच्या मुलीने मोबाइल काढून सगळं टिपून घ्यायला सुरुवात केली.

मीही माझ्या पिशवीतली वही काढली. आता दर गुरुवारी मी करावेला जाते. म्हातारी शेतांची नावं सांगते आणि मी लिहून घेते. आतापर्यंत एकवीस झाली. मध्ये काही विचारलं तर ती मला म्हणते, "थांब गं, आधी ऐक." मी थांबते.

डुक्कर फियाट दारातच उभी असते. तिची व्हिंटेजची नोंदणी व्हायची आहे. ती झाली की ती क्वचितच बाहेर पडेल. तोवर तिच्या उलट्या उघडणाऱ्या दारातून गावातली पोरं आत-बाहेर करत असतात. त्यांना कोणी ओरडत नाही.